दर्भाचा कावळा

मी नामपूर सोडलं ते भर बाजाराच्या दिवशी, टळटळीत दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पहाटे तोंड लपवून पळून गेले असं कुणी तुला सांगितलं असेल तर ते साफ खोटं आहे. हातात पत्र्याची पेटी, अंगावर हिरवं लुगडं, आणि यष्टीच्या थांब्यापर्यंत अख्खा बाजार माझ्याकडे बघतोय. लसणीवाली बघतेय, बैलांचा दलाल बघतोय, पिठाच्या गिरणीवाला पट्टा थांबवून बघतोय. आणि गिरणीच्या ओट्यावर उभा राहून माझा थोरला भाऊ बघतोय. अण्णा. तुझे आजोबा.

अण्णानं घरात सांगून ठेवलं होतं की जो कुणी हिच्याशी बोलेल, त्याला या घरात पाणी मिळणार नाही. हिरकण हे माझं नाव. ते तर तुला आता चांगलंच पाठ झालंय, त्यावरूनच तर हे सगळं रामायण.

तर माय तिथंच होती, थांब्यासमोर मिरच्या घेऊन बसलेल्या बाईपुढं उकिडवी बसलेली. माझ्याकडे पाठ. मिरच्या चिवडायची, वास घ्यायची, परत टाकायची. आणि त्या मिरचीवालीला मोठ्यानं सांगत होती, "जाशी तं जाय माय. पन तब्येतले जपजो. परगावनं पानी शे, उकाळीसन पेजो. आनि येजो परत. दार नुसतं लोटेल ऱ्हाई. कडी नही लागाव." ती मिरचीवाली बिचारी तोंड वासून ऐकतेय, तिला कळेना ही म्हातारी आपल्याला कुठं पाठवतेय. मला एकेक अक्षर कळत होतं. जा म्हणत होती, तब्येत सांभाळ, पाणी उकळून पी, आणि परत ये, तुझ्यासाठी दार नुसतं लोटलेलं असेल. अण्णाला ओट्यावरून एवढंच दिसत होतं की आई मिरच्यांचा भाव करतेय. पुढं लोकांनी मला नटी म्हटलं, हार घातले, शाली दिल्या. पण आमच्या घरातली पहिली नटी माझी माय होती, आणि तिचा तो एकच सीन मी आयुष्यभर पुरवून पुरवून वापरला.

गाडी हलली आणि अण्णा सरळ मोसम नदीवर गेला. कपड्यांसकट बुडी मारली, वर येऊन चार माणसांत सांगितलं की बहिणीची आंघोळ केली. म्हणजे काय, हे तुला कॅनडात बसून कळायचं नाही म्हणून सांगते. माणूस मेल्यावर आप्तांनी करायची ती आंघोळ. जिवंत माणसाच्या नावानं केली की ते माणूस त्या घरापुरतं संपलं. त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याला दारात उभं करायचं नाही. मी सटाण्याला पोचायच्या आत मेले होते.

मयूरी, तू मला मेसेज केलास. "आत्याआजी, भावाच्या पोरीचं नाव ठेवायचा हक्क माझा होता. आम्ही सगळ्यांनी मिळून आयरा ठरवलं होतं. तू असं का केलंस? आणि नावही असलं जुनाट!" त्यापुढं एक रडका चेहरा आणि एक लाल रागावलेला. मला त्या चेहऱ्यांना उत्तर देता येत नाही, म्हणून बसून लिहितेय. तुलाही आणि नामपूरला जे कुणी अजून माझी गोष्ट चवीनं उलटी सांगतात, त्यांनाही. वाच आणि मग हवं तेवढं रागाव.

मी का गेले? नवऱ्यानं टाकलेली होते. सासरहून परत आलेली बहीण म्हणजे घरात एक जास्तीचं ताट आणि फुकटची मजूर. ती मजुरी मी तोंड मिटून करत होते. तेव्हा मुल्हेरच्या किल्ल्याखाली ऐतिहासिक पिक्चरचं शूटिंग आलं आणि घागरी घेऊन चालायला बाया हव्यात म्हणून गावोगाव निरोप गेला. मीही गेले. दुपारी भाकरी सोडून बसले तर एक लाइटवाला दादा माझ्या फडक्यावर पाय देऊन निघाला. मी त्याचा जो उद्धार केला! त्याच्या सात पिढ्यांची वरात काढली. मागं खुर्चीत डायरेक्टर बसलेले. आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणायचो. ते हसून हसून खोकायला लागले आणि म्हणाले, "बाई, हेच जसंच्या तसं कॅमेऱ्यापुढं बोलाल का?" मी म्हटलं, "भाकरीची दुसरी सोय करा, मग बोलते." कोल्हापूरला या म्हणाले. अण्णाला कळलं तसं त्यानं माझा अंथरूण-पांघरुणाचा गठ्ठा ओट्यावर आणून टाकला आणि म्हणाला, शिनेमातली बाई या घरात राहणार नाही. मी म्हटलं, बरं.

कोल्हापुरात पहिली गोष्ट गेली ती नाव. हिरकण पोस्टरवर बरं दिसत नाही म्हणे. मी कुमुद झाले. दुसरी गोष्ट गेली ती भाषा. मी "शे" म्हटलं की सगळं युनिट खो खो हसायचं. तिथली भाषा निराळी, पुण्याची त्याहून निराळी, आणि पिक्चरमधली तर कुणाच्याच घरात नसलेली. भिंतीकडे तोंड करून मी संवाद घोकायचे. टेक, रिटेक, कंटिन्युइटी, कॉलशीट हे शब्द आधी आले, चहा कसा मागायचा ते नंतर. हिरॉइन व्हायला गेलेच नव्हते, तोंड तसं नव्हतं. हिरॉइनच्या मागं परात घेऊन उभी राहणारी, पाणवठ्यावर कुजबुजणारी, पाटलीणबाईचे पाय चेपणारी. कधी चार ओळी मिळायच्या, कधी कट व्हायच्या. पण जेवण होतं, खोली होती, आणि संध्याकाळी कुणी मला "टाकलेली" म्हणत नव्हतं.

मी माणसं पाठवून मायला निरोप धाडायचे. तिचेही यायचे, कुणाच्या ना कुणाच्या तोंडी, आणि ते नेहमी एकच. दार लोटलेलं आहे. अण्णाच्या बायकोनं, वहिनीनं, पुढं मला सांगितलं की रोज रात्री अण्णा कडी घालायचा आणि तो झोपल्यावर म्हातारी उठून ती काढायची. चोर आला असता तर? आला असता तर आला असता.

मग माय गेली. मला कुणी कळवलं नाही. गावातल्या एका माणसाला राहवलं नाही, त्यानं तालुक्याहून स्टुडिओत फोन केला, तेव्हा दहावा तोंडावर आला होता. मी पोचले ती दहाव्याच्या सकाळी. घरापुढं माणसं, नदीवर न्यायचं सामान निघालेलं. मी ओट्याची पायरी चढले आणि अण्णा दारात आला. एक हात चौकटीवर. दातात काडी. माझ्याकडे बघतच नव्हता, माझ्या डोक्यावरून पलीकडं कुठंतरी बघत होता. आवाज चढवला नाही. म्हणाला, "या घरनी पोर कव्हयच मरी गयी. तिना नावनी आंघोय मी करेल शे." या घरातली पोर केव्हाच मेली, तिच्या नावानं मी आंघोळ केली आहे. बस्स. आणि काडी एका दातातून दुसऱ्या दातात नेली. मला ते शब्द तितके लागले नाहीत, ती काडी लागली.

मी नदीवर गेले. लांब, बाभळीखाली उभी राहिले. पिंड ठेवले. कावळे होते, भरपूर होते, समोरच्या झाडावर ओळीनं बसलेले, पण एक खाली उतरेना. आता कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याचं काहीतरी मनात राहिलंय, हे तुमच्या पिढीला थोतांड वाटेल. मलाही अर्धंमुर्धं वाटतं. पण तिथं उभ्या असलेल्या एकालाही वाटत नव्हतं, आणि अण्णाला तर मुळीच नाही. तो रीतिरिवाजाचा पक्का, पोटात दुखलं तरी पंचांग उघडणारा. तर त्यानं हात जोडून सुरू केलं. माय, तुझी कपिला गाय विकणार नाही. माय, तुझ्या नावानं पारावर पाणपोई घालीन. माय, नातवंडांना अंतर देणार नाही. कावळे आपले बसलेले. ऊन चढलं. माणसं सावली शोधायला लागली.

मग एक म्हातारी पुढं झाली. तीच मिरचीवाली गं! तिला इतक्या वर्षांनी कळलं होतं बहुतेक, त्या दुपारी ते सगळं कुणाला सांगितलं जात होतं. अण्णाला म्हणाली, "नारायण, पोरगीनं नाव ले. 'हिरकणले घरमा लेस' म्हन. एवढंच राही गयं तिनं." पोरीचं नाव घे, तिला घरात घेतो म्हण, एवढंच राहिलंय म्हातारीचं. अख्ख्या गावाला ठाऊक होतं की काय राहिलंय. एक वाक्य. तेही माझ्याशी बोलायचं नव्हतं, मला घरात घ्यायचंही नव्हतं खरं तर, नुसतं मायच्या पिंडापुढं म्हणायचं होतं. अण्णानं नदीकडे बघितलं, झाडाकडे बघितलं, माझ्याकडे नाही बघितलं. आणि भटजींना म्हणाला, "दर्भ आना."

दर्भाच्या काड्यांचा कावळा करतात. खरा येईना तर गवताचा. तो पिंडाला टेकवायचा आणि झालं म्हणायचं. अण्णानं तो हातात घेतला, टेकवला आणि पाय धुवून घरी गेला. बाभळीखाली उभी राहून मी स्वतःला सांगितलं की हे वाक्य मी तुझ्या तोंडून काढून घेईन. तू मरायच्या आत किंवा मी मरायच्या आत. मयूरी, लोक म्हणतात काळ गेला की राग निवतो. माझा नाही निवला. मी तो निवू दिला नाही. चुलीतला विस्तव राखेखाली ठेवतात ना, तसा रोज जपून ठेवला.

परत गेले तर मास्तरांचा नवा पिक्चर उभा राहत होता. त्यात सासूचं काम करणारी बाई आजारी पडली आणि उभं कोण दिसलं, तर मी. वय नव्हतं सासूचं. केसांना पांढरा रंग फासला. सीन असा की हाकलून दिलेली सून पोर कडेवर घेऊन दारात परत येते आणि सासू तिला अडवते. कागदावर मोठं भाषण होतं, किंचाळायचं, झिंज्या धरायच्या. मी म्हटलं, "मास्तर, मी ओरडणार नाही. एकदा बघा तर खरं. नाही पटलं तर तुमचं भाषण म्हणेन." आणि मी एक हात चौकटीवर ठेवला. दातात काडी धरली. पोरीच्या डोक्यावरून पलीकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हटलं, "या घरातली सून मेली. तिची आंघोळ केली आम्ही." आणि काडी एका दातातून दुसऱ्या दातात नेली. कट म्हणायचं मास्तर विसरले. ती हिरॉइन खरंच रडत होती, तिला ग्लिसरीन लागलं नाही. वरून कुणीतरी लाइटवाला मला घाणेरडी शिवी हासडून गेला. मला तेव्हाच कळलं, जमलं.

त्यानंतर मी सासूच. आत्तापर्यंत किती सुनांना छळलं त्याचा हिशेब माझ्याकडे नाही. प्रोड्यूसर यायचे ते सांगायचे, "बाई, ती चौकट पाहिजे बरं का." मुंबईला गेले, हिंदीत गेले, तिथंही चौकट. रंगीत पिक्चर आले, चौकट रंगीत झाली. सीरियल आल्या, तेव्हा दार बंगल्याचं झालं आणि काडीच्या जागी चष्मा आला, पण उभी मी अण्णा होऊनच राहायचे. लोक असा द्वेष करायचे म्हणून सांगू! कोल्हापुरात भाजी घ्यायला गेले तर भाजीवाली म्हणाली, "तुला न्हाई द्यायची मेथी. आधी त्या पोरीला घरात घे." मला इतकं बरं वाटलं! मी तिला म्हटलं, "अगं हेच, अगदी हेच नामपूरला जाऊन सांग." ती मला वेडी समजली. मेथी नाहीच दिली.

आणि तो पहिला चौकटीचा पिक्चर नामपूरच्या यात्रेत तंबूत लागला. मी तिथं नव्हते, पण वहिनीनं, तुझ्या आजीनं, किती तरी वर्षांनी मला फोनवर सगळं सांगितलं. अण्णा खुर्चीवर पुढं बसलेला. पडद्यावर बहीण आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, पोस्टरवर कुमुद होतं ना, आणि चेहऱ्याला सुरकुत्या काढलेल्या. आला चौकटीचा सीन. मी काडी फिरवली आणि मागून कुणीतरी बोंबललं, "आरे, हाऊ तं आपला नारायणअण्णा!" आणि अख्खा तंबू जो हसला! पहिली हसली ती तुझी आजी. पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी हसू थांबेना, असं ती स्वतः म्हणाली मला. देव तिचं भलं करो. तिथून पुढं अण्णा दारात उभा राहिला की गल्लीतली पोरं लांबून माझा डायलॉग म्हणायची. शेवटी त्यानं दारात उभं राहणं सोडलं. ओट्यावर खाट टाकली आणि तिथं बसायला लागला. तू लहानपणापासून आजोबांना खाटेवर बघितलं असशील. का, ते आज कळलं तुला.

मला त्याचं वाईट वाटलं का? नाही. आजही नाही. पण तेवढ्यानं भागतही नव्हतं. हसले लोक. वाक्य राहिलंच होतं.

कामं थांबली तेव्हा सगळे म्हणाले, मुंबईतच राहा, ओळखी आहेत, दवाखाने आहेत. मी नाशकात फ्लॅट घेतला, गंगापूर रोडला आत. हवा चांगली म्हणून घेतला असं पेपरवाल्यांना सांगितलं. हवेचा काय संबंध! मला त्याच्या जिल्ह्यात राहायचं होतं. नाशिकच्या पेपरात माझा फोटो यायचा तो नामपूरला जायचा. नामपूरचे कांद्यावाले लासलगावला आले की इकडं वाकडी वाट करून माझ्याबरोबर सेल्फी काढायचे आणि जाऊन अण्णाच्या खाटेपुढं मोबाइल धरायचे. वैर लांबून नीट होत नाही, जवळ राहून करावं लागतं. तरी मी कधी नामपूरला गेले नाही. सटाण्यापर्यंत दोनदा कार्यक्रमाला गेले, तिथून परत फिरले.

तुझे पप्पा मोठे झाले, कांद्याच्या व्यापारात नाव काढलं, आणि त्यांना आपली आत्या नटी असल्याचा अभिमान वाटायला लागला. प्रवीण माझ्याकडे यायचा, पाया पडायचा, फोटो काढायचा. चांगला पोरगा आहे, बापावर गेलेला नाही. तुझ्या भावाला मुलगी झाली तेव्हा पेढे घेऊन आला. "आत्या, बारसं नाशकातच करतोय, लॉन्सवर. मयूरीला सुट्टी नाही. मोठ्या आत्याचा मान तुमचा. पाळण्यात नाव तुम्हीच ठेवायचं."

मी म्हटलं, "अण्णाला विचारलंस?"

"अण्णा आता कशातच बोलत नाहीत. वय झालं. बसून असतात."

"बसून असेना. मेलेल्या बाईनं पोरीचं नाव ठेवलेलं चालेल का, विचार त्याला."

प्रवीण ओशाळला. म्हणाला, "जाऊ द्या ना आत्या, जुनं झालं ते." घ्या! जुनं झालं म्हणे. ज्याचं जळतं त्याचं जुनं होत नाही रे बाबा. पण मी हो म्हटलं. पत्रिकेवर माझं नाव छापलं, ज्येष्ठ सिनेअभिनेत्री वगैरे. तुम्हा सगळ्यांची चूक झाली ती तिथं. मला हार घालायला बोलावलं असतं तर मी हार घालून घरी आले असते. तुम्ही मला पाळण्यापाशी आत्या म्हणून उभं केलंत.

पुढचं तू व्हिडिओ कॉलवर बघितलंस, पण कॅमेरा पाळण्याकडे होता. त्याआधीचं तुला दिसलं नाही. लॉन्स फुग्यांनी भरलेलं, आयरा नावाची थर्माकोलची गुलाबी अक्षरं, गाणी इतकी मोठी की छातीत धडधड. नामपूरहून बस भरून माणसं आलेली. पहिल्या ओळीत सोफ्यावर अण्णा. इतका बारीक झालाय! फेटा बांधलेला, काठी गुडघ्यात. मी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले. तोंडासमोर, डोक्यावरून पलीकडं बघता येऊ नये इतकी जवळ. गाणी बंद करायला लावली. माणसं गोळा झालीच.

मी म्हटलं, "अण्णा, मायचं एक वाक्य राहिलंय. नदीवरचं. आज म्हण. मी घरात येणार नाही, घाबरू नको. नुसतं म्हण."

खरं सांगते, म्हटला असता तर मी तिथंच त्याच्या पायावर डोकं ठेवलं असतं. गुमान आयरा म्हटलं असतं, पेढा खाल्ला असता आणि सगळं सोडून दिलं असतं. एवढी मोठी नटी, टाळ्या घेतलेली, आणि एका वाक्याची वाट बघत उभी. त्याचे डोळे पाणावलेले दिसले मला. म्हटलं, आता म्हणतो.

अण्णानं मान वळवली आणि तुझ्या पप्पांना म्हणाला, "परवीन, कोन बोली ऱ्हायनं रे? माले तं कोनी दिसत नही."

कोण बोलतंय, मला तर कुणी दिसत नाही.

बरं. मी वळले आणि पाळण्याकडे गेले.

तुझी वहिनी पाळण्यापाशी, पोरगी झोपलेली. कपाळावर काजळाची तीट. मी वाकले. बायांनी कानापाशी पदर आडवा धरला. आणि मी कुर्रर्र करून नाव सांगितलं. एकदा कानात, आणि मग माइक घेऊन मोठ्यानं, जसं थिएटरच्या शेवटच्या रांगेला ऐकू जातं तसं. "पोरीचं नाव हिरकण!" बायांनी सवयीनं माझ्या पाठीत धपाटे घातले, घालून झाल्यावर त्यांना कळलं की नाव वेगळंच आहे. त्या गुलाबी अक्षरांखाली सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तू फोनमधून "काय? काय म्हणाली?" ओरडत होतीस, तो तुझा आवाज मी ऐकला. प्रवीणनं हात जोडून म्हटलं, "आत्या, चेष्टा करताय ना?" मी म्हटलं, "मी पडद्यावरही कधी चेष्टा केली नाही."

मग गाडीत बसले आणि घरी आले. पाठ दोन दिवस दुखत होती.

तुम्ही म्हणालात, जाऊ दे, कागदावर आयरा आहे, आयराच म्हणू. तुमची योजना चांगली होती. पण घरात अण्णा आहे, हे तुम्ही विसरलात आणि मी विसरले नव्हते. त्याला मी माझ्या जन्मापासून ओळखते. तुझ्या पप्पांनीच मला पुढं सांगितलं. आठ दिवस तुझी वहिनी आयरा, आयरा म्हणत होती. म्हातारा ऐकत होता, तोंडाचा चंबू करून. शेवटी काठी आपटली. म्हणाला, आत्यानं कानात सांगितलेलं नाव बदललं तर पोरीला लाभत नाही, आमच्यात असलं चालत नाही, जे ठेवलंय तेच म्हणायचं. म्हणजे बघ! बहीण दिसत नव्हती, पण आत्या दिसली. ज्या रीतीनं मला मारलं, त्याच रीतीनं त्याचा गळा धरला. आणि एकदा त्यानं सांगितल्यावर त्या घरात कुणाची टाप आहे!

आता ती रांगते. दिवाळीत तुझ्या वहिनीनं नामपूरच्या घरून मला एक व्हिडिओ पाठवला, सहज, पोरगी दाखवायला. तुलाही आला असेल, तू बोटानं पुढं ढकलला असशील. तो परत काढ आणि आवाज मोठा करून बघ. पोरगी ओट्यावर आहे. पायरीकडे निघालीय, ढुंगण हलवत. मागं दार दिसतं, तेच, चौकट तीच, रंग नवा. खाटेवर अण्णा. त्याला पटकन उठता येत नाही. हात पुढं केलाय, काठी खाली पडलीय, आणि तो घाबराघुबरा होऊन ओरडतोय,

"हिरकण! ए हिरकण! बाहेर नको जाऊ व माय! घरमा ये. घरमा ये!"

मी तो व्हिडिओ बघितला आणि हसले. इतकी हसले की कामाला येणारी बाई आतून धावत आली. तिला वाटलं मला झटका आला. मग रडले. ते तिच्यासमोर नाही रडले, बाथरूममध्ये जाऊन रडले, नळ सोडून. म्हण अण्णा, म्हण. सकाळी म्हण, दुपारी म्हण, जेवताना म्हण. पोरगी चालायला लागली की पायरीपायरीला म्हणावं लागेल तुला. उद्या शाळेतून उशीर झाला की दारात उभं राहून म्हणावं लागेल. एकदा म्हणायचं होतं ते तू टाळलंस ना, आता जन्मभर म्हण.

मयूरी, तूही घर सोडून गेलीस, तुला कुणी हाकललं नाही. तुझी खोली तशीच आहे, गादीवर चादर बदलतात. तुला घर म्हणजे काय हा प्रश्न पडत नसेल. मला फार वर्षं पडला होता. कोल्हापूरची खोली माझी, मुंबईची माझी, हा फ्लॅट तर माझ्या नावावर आहे. पण इथं सगळे मला कुमुदताई म्हणतात. हिरकण म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं. आता नामपूरला एका ओट्यावरून रोज कुणीतरी माझ्या नावानं हाक मारून आत बोलावतं. मी जाणार नाही. मला जायची गरज उरली नाही. जिथं आपल्याला आत ये म्हणतात ते घर, एवढंच मला कळलं.

व्हिडिओ आला त्या दुपारी मी भात केला. मूठभर गॅलरीच्या कठड्यावर ठेवला आणि आत येऊन बसले. कावळा आला. गवताचा नाही, खरा. खाऊन गेला.